गवळाऊ, जर्सी आणि अटलांटाचा जावई

पत्र थोडक्यात: नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांनी चार पानी पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते. वय त्रेसष्ट, सरकारी नोकरीतून निवृत्त, मूळ गाव वर्धा जिल्ह्यात, तिथे अजून थोडी शेती. एकुलती एक मुलगी अटलांटाला नोकरी करते. तिथल्याच एका आफ्रिकन-अमेरिकन मुलाशी तिनं लग्न ठरवलं आहे. ते लिहितात, "मी जात मानत नाही. पुतण्याचं आंतरजातीय लग्न मीच पुढे होऊन लावलं. पण जात माणसानं केली, वंश निसर्गानं केला. आमच्या गोठ्यात आधी गवळाऊ होत्या, मग जर्सी आल्या. गवळाऊ ती गवळाऊ, जर्सी ती जर्सी. माणसात तसं नसतं हे कसं मानू? शिवाय त्या लोकांत सिकलसेल असतो. होणाऱ्या मुलांचं काय?" हे ऐकून मुलगी म्हणाली, "बाबा, रेसला बायॉलॉजीत काही आधार नाही. वाचा जरा." आणि फोन ठेवला. त्याला दोन महिने झाले. आई तिच्याशी स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलते. त्यांचा प्रश्न: शास्त्राच्या दृष्टीनं कोण बरोबर, मी की मुलगी? आणि आता काय करू?

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यातल्या निम्म्या चुका मी स्वतः पगार घेऊन शिकवलेल्या आहेत.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेत कपाटामागे मेणकापडाचा एक तक्ता गुंडाळून ठेवलेला असे, वरखाली लाकडी दांड्या, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. खिळ्याला टांगला की माणसाचे तीन 'वंश' म्हणून तीन चेहरे समोर यायचे: कॉकेसॉइड, मंगोलॉइड, निग्रॉइड. शेजारी नाकांची, ओठांची, केसांची चित्रं. मुलं ती वहीत उतरवायची आणि परीक्षेत त्यावर चार मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, यातले आपण कोण?" मी म्हटलं, "कॉकेसॉइड." पुस्तकात तसंच होतं. तिनं मागे वळून वर्गावर एक नजर फिरवली. चाळीस पोरं बसली होती. तक्त्यातल्या कुठल्याही चेहऱ्याशी एकाचंही जमत नव्हतं. मी घाईनं पुढचा मुद्दा घेतला.

तेव्हा हे उत्तर तुम्हाला आहे आणि थोडं त्या मुलीलाही आहे, उशिरानं.

कोण बरोबर? तुमची मुलगी. पण तिनं अर्धंच वाक्य सांगून फोन ठेवला, म्हणून ते तुम्हाला पटलं नाही. उरलेलं अर्धं मी सांगते. त्यासाठी तुमच्याच गोठ्यातून सुरुवात करू.

गवळाऊ गवळाऊच का राहिली? तुमच्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी वळू निवडला म्हणून. हा ठेवायचा, तो बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा. जर्सीची गोष्ट तर याहून कडक. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या समुद्रात जर्सी नावाचं लहानसं बेट आहे. तिथे बाहेरून गुरं आणायला कायद्यानं बंदी होती, दोनशेहून जास्त वर्षं, अगदी २००८ पर्यंत. म्हणजे ज्याला तुम्ही निसर्गाचं काम म्हणता ते कुंपणाचं, कायद्याचं आणि बडवण्याच्या चिमट्याचं काम आहे. कुत्र्यांचंही तसंच. कुत्र्यांमधली एकूण जनुकीय विविधता मोजली तर तिच्यातला साधारण २७ टक्के भाग जातीजातींमधल्या फरकाचा निघतो. इतका मोठा भाग, कारण माणूस तिथे मध्ये बसून जोड्या लावतो.

माणसांचा हाच हिशेब १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञांनी मांडला. रक्तगट आणि रक्तातली प्रथिनं ठरवणारी १७ जनुकं त्यांनी घेतली आणि विचारलं, माणसामाणसांतला फरक नेमका कुठे असतो? उत्तर आलं: सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत, ८ टक्के एकाच 'वंशा'तल्या वेगवेगळ्या समूहांमध्ये आणि जेमतेम ६ टक्के 'वंशां'मध्ये. उद्या जगबुडी झाली आणि फक्त तुमचा वर्धा जिल्हा तरला, तरी माणसाच्या विविधतेचा बहुतेक साठा शाबूत राहील. पुढे कितीतरी जास्त जनुकं घेऊन हा हिशेब पुन्हापुन्हा केला गेला. आकडे थोडे हलले, चित्र तेच राहिलं.

आता तुमच्या बाजूनं एक मुद्दा मीच मांडते, कारण तुमच्या मुलीला तो कुणीतरी ऐकवणारच. २००३ मध्ये ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स या संख्याशास्त्रज्ञानं लेवॉन्टिन यांच्या निष्कर्षावर बोट ठेवलं. एकेक जनुक सुटं पाहिलं तर फरक पुसट दिसतो हे खरं, पण शेकडो जनुकं एकत्र पाहिली तर माणसाचे पूर्वज कुठल्या खंडातले हे बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. आणि हे बरोबर आहे. थुंकी पाठवून डीएनए चाचणी करणाऱ्या कंपन्यांचा सगळा धंदा यावरच चालतो. मग वंश आहेतच की!

थांबा. तुम्ही नागपूरचे आहात. समोरचा माणूस दोन वाक्यं बोलला की तो वर्ध्याचा, अकोल्याचा की भंडाऱ्याचा हे तुम्हाला कळतं. 'करून राहिला', 'जाऊन राहिला' ऐकलं की मला पुण्यात बसूनही कळतं. एका शब्दावरून नाही कळणार, पण दहा शब्द, हेल आणि एखादी शिवी एकत्र आली की कळतं. आता गाडी काढा आणि रामटेकवरून सिवनीच्या रस्त्याला लागा. वाटेत गावोगाव थांबून बोलत जा. मराठी कुठल्या गावाच्या वेशीवर संपली ते मला सांगा. दर बारा कोसांवर भाषा बदलते असं आपल्याकडे म्हणतात, पण बाराव्या कोसावर खांब रोवलेला नसतो. बोलीवरून गाव ओळखता येतं. म्हणून निसर्गानं भाषांच्या पाच पेट्या करून ठेवल्या आहेत असं होत नाही.

जनुकांचंही हेच आहे. २००२ मध्ये जगभरच्या ५२ समूहांतल्या १,०५६ माणसांची जनुकं संगणकाला देऊन त्यांचे ढीग पाडायला सांगितलं होतं. पाच ढीग पाड म्हटलं तर ते मोठ्या भूभागांनुसार पडले. माझ्या तक्त्याच्या भक्तांना फार आनंद झाला. सहा पाड म्हटल्यावर सहावा ढीग निघाला तो पाकिस्तानात चित्रालच्या दऱ्यांत राहणाऱ्या कलाश लोकांचा, म्हणजे मोजक्या काही हजार माणसांचा. किती ढीग हवेत हे आधी माणसानं सांगायचं, मग यंत्र पाडणार. शिवाय ज्या ढिगात तुम्ही त्या मुलाला टाकता, त्या 'आफ्रिकन' ढिगाची गंमत वेगळीच. माणूस आफ्रिकेतच घडला, सर्वांत जास्त काळ तिथेच राहिला, आणि तिथून बाहेर पडलेल्या थोड्या लोकांची आपण बाकी सगळी जनता. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या बुशमन या मूळ रहिवाशांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन बुशमनांमधला फरक एक युरोपीय आणि एक आशियाई यांच्यातल्या फरकापेक्षा सरासरीनं जास्त निघाला. खरंच पेट्या करायच्या ठरवल्या तर बऱ्याचशा आफ्रिकेतच कराव्या लागतील, आणि तुम्ही, मी, चिनी, जर्मन असे सगळे एकाच पेटीच्या कोपऱ्यात मावू.

गोंधळ थोडा आपल्या भाषेचाही आहे. गाईची जात, आंब्याची जात आणि माणसाची जात, सगळ्याला आपला शब्द एकच. 'वंश' तर त्याहून फसवा. वंशावळ, वंशवेल, वंशाचा दिवा यांतला वंश म्हणजे कुळ, कोणापासून कोण झालं ते. ही वेल खरी आहे, ती जनुकांत लिहिलेली असते आणि डीएनए चाचणी तीच वाचते. पण इंग्रजीतल्या 'रेस'लाही आपण वंशच म्हणतो आणि वेलीचं खरेपण त्या पेटीला आपोआप चिकटतं. मला शंका आहे की तुम्ही लिहिलंत एका वंशाबद्दल, पण रात्री झोप लागत नाही ती दुसऱ्या वंशामुळे. एकुलत्या एका मुलीची वेल कुठे जाणार, ही ती काळजी. ती काळजी समजण्यासारखी आहे. फक्त तिचं नाव जीवशास्त्र नाही.

पेट्या कोण पाडतं याचे दोन-तीन नमुने पाहा. 'कॉकेशियन' हा शब्द आला तो अठराव्या शतकात ब्लूमेनबाख या जर्मन पंडिताला जॉर्जियातल्या एका स्त्रीची कवटी सर्वांत देखणी वाटली म्हणून. (हा जॉर्जिया कॉकेशस पर्वतातला, तुमच्या लेकीचा नव्हे.) १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिसले हा नाकाची रुंदी उंचीशी ताडून माणसं लावत असे. जितकं रुंद नाक तितकी खालची जात, असा त्याचा दावा. मराठे, कुणबी आणि मराठी ब्राह्मण यांना त्यानं 'सिथो-द्रविड' असं नाव दिलं. तुम्ही-मी सिथो-द्रविड, तुम्हाला माहीत होतं? त्याच धर्तीच्या नाकांच्या मोजमापांचे आकडे हातात घेऊन डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळ्या वंशांचे ठरतच नाहीत.

आणि इरावती कर्वे. विशीतली ही बाई १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेली. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविचाराचा आधार पुढे नाझींना झाला. युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंना इतरांपेक्षा अधिक असमान भरते आणि त्याच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व त्यात आहे, असं फिशर यांचं गृहीतक. ते सिद्ध करायचं काम आलं इरावतीबाईंकडे. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळीकडेच होती. वंशाशी तिचा काही संबंध दिसेना आणि त्यांनी प्रबंधात तसं लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात आहे त्याच माणसाला. माझ्याकडे तर फक्त एक तक्ता होता आणि समोर पहिल्या बाकावरची एक मुलगी.

अमेरिकेत तुमच्या मुलीची स्वतःची पेटी किती वेळा बदलली असती बघा. १९२३ मध्ये पंजाबहून तिकडे गेलेल्या भगतसिंग थिंड यांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्वासाठी युक्तिवाद केला: शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन, म्हणून मी गोरा. म्हणजे मी वर्गात दिलेलं उत्तरच. न्यायालय म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. थिंड हरले. १९२० ते १९४० च्या जनगणनांत भारतीयांचा रकाना होता 'हिंदू', मग तो शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये आपल्याला 'गोरे' धरलं आणि १९८० मध्ये 'एशियन इंडियन' केलं. साठ वर्षांत जनुकं काही बदलली नव्हती.

आणि जर्सी बेटावर गुरांसाठी जसा कायदा होता, तसा जॉर्जियात माणसांसाठी होता. हा मात्र तुमच्या लेकीचाच जॉर्जिया. गोऱ्यांनी काळ्यांशी लग्न करायचं नाही, हा कायदा १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असे सगळेच कायदे रद्द करेपर्यंत तिथे पुस्तकात होता. निसर्गानंच वेगळं ठेवलं असतं तर कायदा कशाला लागला असता? आणि कुंपण होतं तरी आत काय चाललं होतं? आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या डीएनएचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये झाला. त्यांच्या पूर्वजवारशातला सरासरी २४ टक्के भाग युरोपीय निघाला. गुलामगिरीच्या काळात मालकांनी काय केलं त्याचा हा पुरावा आहे. तुमचा होणारा जावई 'शुद्ध' काहीच नसणार. आपणही नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं हार्वर्डच्या शास्त्रज्ञांबरोबर २०१३ मध्ये दाखवलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशात जवळपास सगळे सगळ्यांत मिसळले आहेत.

आता सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. इथे मला तुमच्याशी थोडं कडक बोलायचं आहे.

तुम्ही नागपूरला राहता! सिकलसेल 'त्या लोकांत' असतो म्हणून लिहिता, आणि तुमच्या शहरातल्या सरकारी दवाखान्यांत गडचिरोलीपासून गोंदियापर्यंतची मुलं त्याच दुखण्यानं कण्हत येतात. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. विदर्भात आणि नंदुरबारकडे तो आदिवासींत आहे, तसाच इतर काही समाजांतही आहे. तुम्ही पत्रात जात लिहिलेली नाही आणि मीही विचारत नाही. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, ती अमेरिकेसाठी नव्हे.

हा आजार वंशामागे जात नाही, डासामागे जातो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, एवढाच फेरफार. तो एका पालकाकडून आला तर माणूस 'वाहक' होतो, धडधाकट राहतो आणि हिवतापानं मरण्याचा त्याचा धोका कमी होतो. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप, तिथे हे जनुक टिकलं: पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसच्या काही भागांत, आपल्या मध्य भारतात. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला राहणारे खोसा लोक तुमच्या हिशेबानं पक्के 'निग्रॉइड', पण त्यांच्यात ते जवळपास नाहीच. तिथे तसा हिवताप नव्हता. आफ्रिकन-अमेरिकनांमध्ये साधारण १३ जणांत एक वाहक असतो. म्हणजे बारा नसतात.

म्हणून करायचं काय? दोघांनीही हिमोग्लोबिनची तपासणी करायची, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. रक्तात कुठल्या प्रकारचं हिमोग्लोबिन आहे ते या चाचण्या सांगतात. दोघांनीही. त्याच्याकडे रिपोर्ट मागायचा आणि आपली लेक आपली म्हणून सोडून द्यायची, असं चालणार नाही. अमेरिकेत २००६ पासून सर्व राज्यांत प्रत्येक बाळाची जन्मल्याबरोबर ही तपासणी होते. आधीच्या पिढीतही अनेकांची झालेली आहे, त्यामुळे त्याला स्वतःचं कदाचित ठाऊकही असेल. तुमच्या लेकीचं तुम्हाला ठाऊक आहे का? दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचा अहवाल स्वच्छ असेल, तर शून्य. एकाला सिकल आणि दुसऱ्याला थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिन कमी तयार होण्याच्या आनुवंशिक आजाराचं) जनुक असेल तरीही त्रासाचा आजार होऊ शकतो, म्हणून नुसती सिकलची झटपट चाचणी पुरत नाही. आणि हे फक्त अटलांटाला जाणाऱ्यांसाठी नाही. नागपुरातच, जातीतच, पत्रिका जुळवून लग्न ठरवणाऱ्यांनीही ही तपासणी आधी करावी. पत्रिकेच्या खर्चात होते.

आता जी गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही, ती. गोठ्यातला वळू निवडण्याच्या सर्वांत जवळ जाणारं काही माणसांनी केलं असेल, तर ते आपण केलं आहे. २०१६ च्या एका भारतीय अभ्यासानुसार जातीबाहेर लग्न न करण्याची रीत आपल्याकडे घट्ट झाली ती सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे दीड हजार वर्षांच्या आसपास. त्यातून वंश तयार झाले नाहीत, तेवढ्या काळात होतही नाहीत. पण लहान लहान डबकी तयार झाली आणि काही डबक्यांत एखादं दोषी जनुक साचत गेलं. आंध्रातल्या वैश्य समाजाचं उदाहरण भूलतज्ज्ञांना पाठ असतं. त्यांच्यातल्या काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायचं नेहमीचं औषध दिलं की ते उतरतच नाही, श्वास बराच वेळ अडकतो. ते औषध मोडणारं विकर (एन्झाइम) त्यांच्या रक्तात नसतं. तेव्हा निव्वळ जीवशास्त्रालाच विचारायचं असेल तर ऐका: दोघांकडे एकच दुर्मीळ दोषी जनुक असण्याची शक्यता तुमच्या लेकीच्या जोडीत कमी आहे आणि तुम्ही मनात धरलेल्या स्थळात जास्त. अर्थात या कारणासाठी कोणी लग्न करत नाही. पण या कारणासाठी मोडायला निघालात, म्हणून सांगितलं.

तुमच्या चार पानांत 'रंग' हा शब्द एकदाही आलेला नाही. मी शोधला. वंश, रक्त, निसर्ग, गुरं, आजार सगळं आहे. म्हणून विचारते, नातवंडं सावळी होतील ही धास्ती आहे का? होतील कदाचित. एक सावळं, एक उजळही होईल. त्वचेचा रंग पुष्कळ जनुकं मिळून ठरवतात, आणि तुमच्याच घरातल्या भावंडांचे रंग तरी कुठे सारखे असतात? युरोपीय लोकांची कातडी उजळ करणारं एक महत्त्वाचं जनुक आपल्याकडेही बऱ्याच जणांत आहे आणि ते एकाच मुळातून आलं आहे, असं सीसीएमबीच्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे वधूवरसूचक जाहिरातीत 'गोरी' म्हणून मिरवतं ते बऱ्याच अंशी डीएनएमधल्या एका अक्षराचं काम.

तुमच्या मुलीनं न सांगितलेलं अर्धं वाक्य आता सांगते. वंश जीवशास्त्रातून येत नाही, पण समाजानं पाडलेल्या पेट्या शरीरात मात्र उतरतात. २०२१ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ काळ्या माता दगावल्या आणि गोऱ्या २६.६. मूत्रपिंड किती काम करतं हे रक्तावरून काढायच्या सूत्रात, रुग्ण काळा असेल तर उत्तराला १.१५९ नं गुणायची पद्धत होती. त्यामुळे काळ्या रुग्णाचं मूत्रपिंड कागदावर चांगलं दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये तो गुणक काढायचं ठरलं. तुमच्या नातवाला कशानं गुणलं असतं? आजी नागपूरची, आजोबा नागपूरचे, दुसरे अटलांटाचे. डॉक्टरांनी त्याच्याकडे एक नजर टाकून ठरवलं असतं. काळजी करायचीच असेल तर ही करा. हे मूल शाळेत, रस्त्यावर, दवाखान्यात कसं वागवलं जाईल, ही. या काळजीत तुम्ही आणि मुलगी एकाच बाजूला असाल. आणि तो मुलगा यातलं तुम्हा दोघांपेक्षा जास्त जाणतो, कारण तो यातूनच मोठा झाला आहे.

अशी पत्रं मला न्यू जर्सीहून येतात, लंडनहून येतात. कोणाची सून चिनी असते, कोणाच्या मुलाला डीएनए चाचणीत दोन टक्के भलतंच निघतं आणि घरात काहूर माजतं. (त्या दोन टक्क्यांनी झोप उडवू नका. ते आजच्या लोकांशी केलेल्या तुलनेचे अंदाज असतात. कंपनीनं माहिती वाढवली की बदलतात.) सगळ्यांना मी एकच सुचवते: शास्त्राचा प्रश्न आणि घरचा प्रश्न वेगवेगळ्या दिवशी हाताळा. तपासणी, समुपदेशन, डॉक्टरांचे प्रश्न एका कागदावर. 'लोक काय म्हणतील' दुसऱ्या कागदावर. दुसऱ्या कागदावरचं पहिल्यावर लिहिलं की घोटाळा होतो.

लोक म्हणतीलच. लग्नाच्या पंगतीत कोणी 'हबशी' म्हणालं तर चेहरा कसनुसा करू नका. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर हबशीच होता आणि मोगलांना त्यानं जन्मभर जेरीस आणलं. पण तो शब्द आज टोचायला वापरतात, म्हणून तुम्ही वापरू नका आणि 'निग्रो' तर अजिबात नको, तिकडे ती शिवीच आहे. जावई कुठला, विचारलं तर अटलांटाचा म्हणा. अकोल्याचा म्हणतात तसं.

आता फोन. रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास करा, तिकडे सकाळ असते. स्वयंपाकघरात नाही, बाहेरच्या खोलीत, स्पीकरवर, पत्नीला शेजारी बसवून. रेस आणि बायॉलॉजी हे दोन्ही शब्द काढू नका. 'मी वाचलं' एवढं पुरे, तिनं तेच सांगितलं होतं. मग त्याचं नाव विचारा, चार पानांत तुम्ही ते कुठेही लिहिलेलं नाही. आईवडील काय करतात, घरी कोण कोण आहे, हेही विचारा. कुठल्याही स्थळाला विचारतो तेच. ती कदाचित पटकन बोलणार नाही. दोन महिने तीही थांबली आहे.

ता.क. सिकलसेलची तपासणी तुम्ही दोघंही करून घ्या. लेकीचा अहवाल यायला वेळ लागेल, तुमचा आठवड्यात येईल. तुम्ही स्वतः वाहक निघालातच तर त्या पुतण्यालाही कळवा, त्याच्या घरी पाळणा हलायच्या आत.